धर्मशाळेतल्या भिंतीवरचा माणूस

२०२३ साल होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो. देऊळगाव राजात बालाजीच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी बांधलेली जुनी दगडी धर्मशाळा आहे. ती एका नव्या मालकानं चालवायला घेतली, खोल्या नीट केल्या आणि एका खोलीच्या चारी भिंतींवर माझ्या बायकोकडून चित्रं काढून घेतली. गेरू आणि चुना, घरी नागपंचमीला काढते तशी. पहिल्या दिवशी आम्ही दोघांनीच तिथं मुक्काम करायचा, हा त्याचा हट्ट. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस, पण कोणाच्या खोलीत फुकट झोपलो नव्हतो.

आत गेलो आणि अडकलो. बघायला माणसं येतच होती, एक निघालं की दोन आत. चित्रांवर धूळ बसू नये म्हणून खिडकी खिळे मारून बंद केलेली. माझ्या चपला बाहेर, कोणाच्या पायाखाली होत्या कोण जाणे. उठून जावं तर बायकोची शोभा झाली असती. जन्मात पहिल्यांदा तिचा सत्कार झाला होता, गळ्यात हार तसाच होता. मी खाटेवर बसून राहिलो.

भिंतीवर आमचं घर, विहीर, गाय, तिन्ही पोरी, माझी आई. कोंबड्यासुद्धा.

एका बाईनं विचारलं, "बाबा, यात तुम्ही कुठं आहात?"

मी केव्हापासून तेच शोधत होतो.

बायको म्हणाली, "मी त्यायचं नाव घेत नाई, तं चित्र कसं काढू?"

सगळे हसले. मालक म्हणाला, "मग आता काढा ना आजी. बाबा समोरच आहेत." त्यानं मला स्टुलावर बसवलं. मी नाही म्हणेपर्यंत तिनं काडीला कापूस गुंडाळून गेरूत बुडवलाही.

एवढ्या लोकांत मी कधी असा बसलो नव्हतो. मानेवरून घाम उतरत होता, पण हललो नाही.

तिनं घराबाहेर एक माणूस काढला. खांद्यावर कुदळ, शेताकडे चाललेला. पाठ आमच्याकडे.

"पाठ काऊन काढली वं?"

"मले पाठच ठाव हाये," ती म्हणाली. "सकाई डोये उघडावं तं तुमी निंगेल राहता. अंधारात येता, जेवता अन् झोपता."

या खेपेला कोणी हसलं नाही. मालक लोकांना चहाला घेऊन गेला. दार मोकळं झालं, तरी मला उठवेना.

पहिल्या गाडीनं गावी निघायचं, असं मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी जाऊ दिली. स्टूल तिच्या खाटेपुढं ओढलं आणि ती उठायची वाट पाहत बसलो.

तिनं डोळे उघडले. "गेले नाई तुमी?"

"तोंड काढ."

"पह्यले चहा तं पिऊ द्या."

"पी. मी बसेलच हावो."