अर्ध्या मॅडम

पहिल्याच तासाला मॅडमनी आम्हांला वीस मिनिटं टिपणं सांगितली. आम्ही माना खाली घालून ती उतरवून घेतली. मग वही मिटत त्या शांतपणे म्हणाल्या, "यातलं अर्धं खोटं आहे. कोणतं, ते शोधून आणा." त्या समाजशास्त्र विभागात अर्धवेळ शिकवायच्या, आणि सांगायच्या तेही असं अर्धं खरं. म्हणून मुलांनी त्यांचं नाव अर्ध्या मॅडम ठेवलं. मूळच्या बडोद्याच्या. वर्गात गुजराती बोलायच्या, माझ्याशी मराठी.

त्या टिपणांत एक वाक्य होतं: यंत्रमागाच्या आवाजाची कामगाराला सवय होते, त्याच्या कानांना अपाय होत नाही. आम्ही नवागाम या कामगार वस्तीत राहायचो. आबा धुळ्याहून सुरतेला आले तेव्हापासून लूमवर. घरात त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागे, तरी ते विचारत, "काय म्हनस?" त्या संध्याकाळी त्यांना जेवायला तिसरी हाक मारताना मला एकदम ते वाक्य आठवलं. मॅडमनी सांगितलं म्हणून माझ्या बापाचे कान धड असल्याचं मी वळणदार अक्षरात लिहून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी हे सांगितलं तर मॅडमनी शाबासकी वगैरे दिली नाही. "तुझ्या आबांचं कळलं. शेजाऱ्यांचं काय?" एवढंच विचारलं. मग आम्ही सात जणी दर रविवारी नवागामच्या गल्ल्यांतून फिरू लागलो. प्रश्न कोणते विचारायचे ते सांगा, म्हटलं, तर म्हणाल्या, "मला कसं ठाऊक? मी कुठे लूम चालवलाय?" आमच्या ओट्यावर चहा घेत त्या आमची पानं तपासायच्या आणि समासात हिरव्या शाईने लिहायच्या, 'हे दिसलं, की दिसावंसं वाटलं?' एका पानापायी त्यांनी मला तीनदा त्याच घरी पाठवलं. तिसऱ्यांदा त्या घरातली बाई माझ्याशी खरं बोलली.

लूम कामगारांच्या कानांवरचा आमचा अहवाल विभागाच्या फलकावर लागला आणि आठवडाभरात उतरला. कॉलेजच्या मंडळातल्या एका शेठचे बमरोलीत लूम होते. विभागप्रमुखांनी आम्हांला एकेकीला बोलावलं. तक्रार टाईप करून तयारच होती: मॅडम अभ्यासक्रम पुरा करत नाहीत, मुलींना वस्त्यांतून हिंडवतात. सरांनी पेन पुढे केलं आणि अंतर्गत गुण आपल्याच हातात असल्याची आठवण करून दिली. आबांनी माझ्या फीसाठी डबल पाळी केली होती. मी सही केली. सर्वांत आधी मीच.

मॅडमना पुढच्या सत्राला बोलावलं नाही. सामान न्यायला आल्या तेव्हा फाटकाशी गाठून मी सगळं सांगितलं.

"सही करण्याआधी वाचलं होतंस?"

"हो."

"मग ठीक. न वाचता केली असतीस, तर माझं शिकवणं फुकट गेलं असतं."

त्या रिक्षात बसल्या. त्यांनी मला माफ केलं, पण मी सरांना माफ केलं नाही. पुढे मी स्वतः शिकवू लागले, लग्न झालं, मुलगी झाली. ते पुढे केलेलं पेन मात्र मनातून गेलं नाही.

यंदा मॅडम बडोद्याला वारल्या. आम्ही जुन्या मुलींनी सुरतेत शोकसभा ठेवली. निवृत्त विभागप्रमुख बोलावल्याशिवाय आले, पहिल्या रांगेत बसले आणि 'आमच्या गुणी सहकारी' भगिनीविषयी दोन शब्द बोलायचेत, अशी चिठ्ठी त्यांनी पाठवली. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं.

मी त्यांना वर बोलावलं. माईक देण्याआधी त्या तक्रारीतलं वाक्य न् वाक्य सभेला ऐकवलं. मला ते पाठ होतं. ती कोणी लिहून आणली ते सांगितलं, आणि पहिली सही माझी होती, हेही सांगितलं. मग माईक त्यांच्या हातात देऊन म्हटलं, "आता बोला, सर."

सरांनी दोनदा घसा साफ केला. मी बाजूला झाले नाही, त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. शेवटी माईक टेबलावर ठेवून ते रांगांच्या मधून दाराकडे निघाले. त्यांना वाट द्यायला एकीनेही पाय आवरले नाहीत.

मॅडमना हे आवडलं नसतं. मला आवडलं.