न मोजलेले अठरा

दवाखान्यात तिला सगळे थोरल्या सिस्टर म्हणत. बावीस वर्षांची नोकरी, आणि कामाचा उरक असा की नव्या पोरींनी तोंडात बोटं घालावीत. ताप, नाडी, रक्तदाब... झालं! श्वास मात्र ती मोजतच नसे. मिनिटभर कुणाच्या छातीकडे बघत बसायला वेळ आहे कुणाला? कागदावर सरळ 'अठरा', म्हणजे धडधाकट माणसाचा आकडा, लिहून मोकळी. सगळेच लिहितात हो, पण म्हणून ते खरं थोडंच होतं!

सोमवारी शिंपीकाका आले. तिचा युनिफॉर्म वर्षानुवर्षं तेच शिवायचे, आणि दर खेपेला नव्याने माप घ्यायचे. "काका, अजून पाठ नाही झालं का?" म्हणून ती चिडवायची. आता वय एकाहत्तर. खोकला, ताप, बरगडीत कळ. तिने हाताच्या सवयीने अठरा लिहिलं. डॉक्टरांनी न्यूमोनिया ओळखला. रोग्याला ठेवून घ्यायचं की घरी पाठवायचं, ते वय, शुद्ध, रक्तदाब आणि श्वास बघून ठरवतात. कागदावर काकांचं नुसतं वयच आडवं येत होतं. गोळ्या देऊन डॉक्टर म्हणाले, "दोन दिवसांनी दाखवून जा."

बुधवारी मुलीने त्यांना धरूनच आणलं. ओठ निळसर, दोन शब्दांनंतर धाप. आता तिने मोजलं, घड्याळ लावून, पुरतं मिनिट. अडतीस! ऑक्सिजन लावला, शिरेतून औषध सुरू झालं.

डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. "माझंच चुकलं हो. सोमवारीच ठेवून घ्यायला हवं होतं." मुलगी शेजारीच उभी होती. थोरल्या सिस्टर गप्प राहिल्या असत्या तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण लाजेने तिचे कान तापले, धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"तुमचं नाही चुकलं, डॉक्टर," ती म्हणाली. "मी श्वास मोजलाच नव्हता. अठरा मनानेच लिहिले."

मुलीने तोंड फिरवलं. काकांनी मात्र मास्क जरा बाजूला केला.

"बाई गं... माप न घेता... मी कधी... कात्री लावली का?"

रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. तिने मास्क नीट बसवला, डोळे पुसले आणि घड्याळ समोर धरून पुन्हा मोजायला लागली.