समुद्रफुलाचा उजेड

उजेडावरून भांडण उकरून काढणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच होता, आणि तो माझ्या वाट्याला थोरला साडू म्हणून आला. माझी बायको त्यांना भाऊजी म्हणायची, म्हणून मीही भाऊजीच म्हणू लागलो. लकडगंजात त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. दुकान कसलं, त्यांच्या मते तो दवाखानाच होता. गिऱ्हाइकाने बल्ब मागितला की भाऊजी बल्बला हात लावायच्या आधी खोली केवढी, भिंतीला रंग कोणता, तिथे कोण बसतं आणि बसून काय करतं, याची साग्रसंगीत चौकशी करत. घाईतलं गिऱ्हाईक वैतागून पलीकडच्या दुकानात जाई. भाऊजींना त्याचं काही वाटत नसे. "जाऊ दे गा, डोळे बिघडले का माझ्याचकडे येते," असं म्हणून ते पंख्याचं रेग्युलेटर खोलून बसत. कोणाच्या घरी गेले तर आधी छताकडे पाहत आणि मग यजमानांकडे. आमच्या लग्नानंतर ते पहिल्यांदा घरी आले, तेव्हा पाण्याचा पेला तसाच ठेवून स्टुलावर चढले, बैठकीतला बल्ब काढला आणि कोटाच्या खिशातून दुसरा काढून लावला. नवराबायकोची भांडणं, पोरांचं नापास होणं, वरणात मीठ जास्त पडणं, या सगळ्याचं मूळ चुकीच्या उजेडात असतं, अशी त्यांची पक्की खात्री होती. एका लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी मांडवातला दिवा फिरवला, का तर म्हणे नवरी नाहक रागीट दिसत होती. ती खरोखरच रागावलेली होती हे आम्हाला नंतर कळलं.

त्यामुळे ताईंना, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, कमी दिसू लागलं तेव्हा भाऊजींनी काय निदान केलं असेल हे सांगायलाच नको. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करावं लागेल. भाऊजी म्हणाले, डोळ्यांना काही झालेलं नाही, उजेड बरोबर नाही. आम्ही हसलो. मग एक दिवस बायकोने मला बाजूला घेऊन सांगितलं, की भाऊजींच्या वडिलांचं फार पूर्वी असंच ऑपरेशन झालं होतं, दिसत होतं तेवढंही गेलं, आणि पुढची सगळी वर्षं त्यांनी भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवून काढली. त्यानंतर मी हसलो नाही. तिकडे ताई तांदूळ चाचपून निवडायच्या आणि डॉक्टरांचा विषय निघाला की भाऊजींना दुकानात तातडीचं काम आठवायचं.

अशात त्यांचा रत्नागिरीला नोकरी करणारा पुतण्या सुट्टीवर आला. येताना त्याने समुद्राच्या पाण्याचे डबे आणि एका बरणीत दगडाला चिकटलेलं समुद्रफूल आणलं. हे दिसायला फूल, पण असतो जिवंत प्राणी. उजेड मानवला तर पाकळ्या पसरून झुलतो, नाही मानवला तर बटणासारखा मिटून बसतो. उजेडाची पारख असलेला जीव भाऊजींना आयुष्यात पहिल्यांदाच भेटला. बैठकीत काचेची पेटी आली, तळाशी वाळू आणि दगड आले आणि पेटीसमोर ताईंची खुर्ची आली. ज्या उजेडात फूल उघडेल आणि ताईंना ते स्वच्छ दिसेल तो खरा उजेड. तो सापडला की तसाच घरभर लावायचा आणि डॉक्टरांना रामराम ठोकायचा, असा एकूण बेत होता.

आधी शंभराचा बल्ब लागला. पाणी कोमट झालं आणि फूल मिटलं. दिवस वैशाखाचे, म्हणून पाणी थंड ठेवायला कूलरचं तोंड पेटीकडे वळवण्यात आलं. त्या उन्हाळ्यात त्या घरात गारव्यात राहणारा जीव एकच होता. आम्ही पाहुणे वर्तमानपत्राने वारा घेत बसायचो. मग अंगणात आरसा ठेवून उन्हाचा कवडसा पेटीवर पाडायचा प्रयोग झाला. ऊन सरकलं की आरसा सरकवायचा, तो सरकवताना कवडसा शेजाऱ्याच्या ओसरीत शिरायचा. शेजारी चवताळून भांडायला आला आणि आपल्या स्वयंपाकघरात किती वॅटचा बल्ब हवा ते ऐकून परत गेला. शेवटी ट्यूबलाइट आली, आणि नाटकाच्या दिव्यांना लावतात तो निळा जिलेटिनचा कागद तिच्यावर चढला. त्या उजेडात फूल उमललं खरं, पण आम्ही सगळे बुडून वर आल्यासारखे दिसायचो. प्रत्येक प्रयोगानंतर भाऊजी स्टुलावरूनच ताईंना विचारायचे, की आता कसं दिसते. आणि बल्ब असो, आरसा असो, ट्यूब असो, ताईंचं उत्तर एकच असायचं, की छान दिसून राहिलं न. आम्हा सगळ्यांना त्यातलं खरं काय ते कळत होतं. भाऊजींना मात्र जे ऐकायचं होतं तेच ऐकू येत होतं.

पोळ्याच्या आसपासची गोष्ट. भाऊजींनी पेटी धुवायला काढली होती. समुद्रफुलाचा दगड न्हाणीत बादलीमध्ये ठेवलेला होता आणि पेटीत नुसतं पाणी होतं. ट्यूब पुन्हा बसवून त्यांनी बटण दाबलं आणि सवयीने विचारलं. ताई नेहमीसारख्या पेटीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"आज तं पुऱ्याच पाकळ्या पसरल्या," त्या म्हणाल्या. "हाच लाइट राहू द्या."

मी बायकोकडे पाहिलं, तिने जमिनीकडे. भाऊजी स्टुलावर तसेच उभे राहिले. मग खाली उतरले, हात पुसले आणि म्हणाले, "बरं. हाच ठेवतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलंच नाही, ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू अजून पिकलेला नाही, थंडीत करू. भाऊजी हो म्हणाले. मला इतकं हायसं वाटलं की त्या दिवशी मी घरी येताना विनाकारण पेढे घेऊन आलो.

एवढं सगळं ठरल्यावर दिव्यांचे खेळ थांबायला हवे होते. पण नाही. दसरा गेला, दिवाळी गेली, भाऊजींचं आपलं रोज संध्याकाळी ट्यूब बदलणं, कागद बदलणं आणि ताईंना विचारणं सुरूच. ताईही न चुकता छान म्हणायच्या. माणूस मुलखाचा हट्टी आहे, असं म्हणून मी तो विषय सोडून दिला.

ऑपरेशनच्या दिवसांत भाऊजी किती घाबरले होते हे मला एकाच गोष्टीवरून कळलं. दवाखान्यात ताईंच्या खाटेवरची ट्यूब सारखी लुकलुकत होती आणि भाऊजींनी एकदाही वर पाहिलं नाही. डोळ्यांवर पट्ट्या बांधून, मान हलवायची नाही म्हणून ताई निश्चल पडलेल्या, आणि हे शेजारी स्टुलावर बसलेले. पट्टी सोडली त्या दिवशी डॉक्टरांनी बोटं दाखवली, ताईंनी ती बरोबर मोजली. मग नवऱ्याकडे तोंड वळवून त्यांनी दाढी काहून नाही केली म्हणून विचारलं. भाऊजी तडक खाली गेले आणि टोपलीभर संत्री घेऊन आले. खाटेखाटेवर वाटली, डॉक्टरांना दिली, चौकीदाराच्या खिशात कोंबली. दाराच्या चौकटीला टेकून मीही एक सोलून खाल्लं.

पुढे जाड भिंगांचा चष्मा आला आणि ताई पेटीसमोर बसल्या. भाऊजींनी ट्यूब लावली. फूल उघडलेलंच होतं. ताई काचेला नाक टेकेपर्यंत पुढे वाकल्या.

"हे मी आज पहिल्यांदा पाहून राहिली," त्या म्हणाल्या. "इतके दिवस तुम्हाले खोटंच सांगत होती."

"मले माहीत आहे. पोळ्यापासून माहीत आहे."

"मंग रोज लाइट काहून बदलवत होते?"

भाऊजी उरलेली तार गुंडाळत होते. "तू रोज समोर बसत होती न," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत आपण असं कधी बसलो होतो?"

ताईंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा लावला. मला आणि बायकोला एकाच वेळी घरी जायची आठवण झाली.

नंतर ताईंना सगळंच दिसू लागलं. कोपऱ्यातली जळमटं दिसली, डब्यांची बुडं दिसली, दिवे लावता-काढताना भाऊजींनी भिंतीची केलेली चाळण दिसली. राहिलेली कामं डोंगराएवढी होती, खुर्चीत बसायला वेळ कुणाला होता? दुकानातून आले की भाऊजी पेटीपुढे एकटेच बसायचे, आणि थोड्या वेळाने आत हाक मारायचे, "ये वं, बस जराशी." ताई आतून कुरकुरायच्या, कामं काय आपोआप होतात म्हणायच्या, आणि मग मेथीची जुडी घेऊन बाहेर यायच्या. त्या निळ्या उजेडात मेथी काळी दिसायची. भाऊजींनी तो उजेड कधी बदलला नाही, आणि ताई तशीच निवडायच्या.