कावेचं बोट

बिरूच्या कळपातल्या एकाही मेंढीचं औषध कधी चुकलं नाही. हे मी पैज लावून सांगतो, कारण जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मी तेहतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली शेवटची अकरा दौलताबादच्या आसपासची गावं हिंडण्यात गेली. बाकीच्या मेंढपाळांमागं लसीची पेटी घेऊन मला पळावं लागायचं. बिरू मात्र पावसाळ्याच्या महिनाभर आधीच दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसायचा. लस आली नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. रुसलेला जावईसुद्धा इतका चिवट नसतो.

जंताचं औषध पाजावं तर त्यानंच. मेंढी दोन गुडघ्यांत धरायची, जबड्याच्या कोपऱ्यातून बोट घालून तोंड उघडायचं, औषध सोडायचं आणि ते घशाखाली उतरलं की पाठीवर लाल कावेचं बोट ओढायचं. बोट दिसलं म्हणजे औषध झालं. दीडशे मेंढरं होती, पण एक सुटायची नाही आणि एकीला दोनदा जायचं नाही. बिरूला अक्षर ओळखता येत नव्हतं. तरी आमच्या दवाखान्यातल्या रजिस्टरपेक्षा त्याच्या मेंढरांच्या पाठी खऱ्या होत्या, हे मी नोकरीत असताना बोललो नाही, आता बोलतो.

चार वर्षांपूर्वी गावात तपासणी शिबिर भरलं. बिरूच्या बोटाला काटा लागून पू झाला होता, म्हणून तो गेला. नर्सनं सहज दंडाला पट्टा बांधला आणि आकडा बघून पुन्हा बांधला. वरचं प्रेशर दोनशेच्या घरात. डॉक्टर म्हणाले, "रोज एक गोळी. आयुष्यभर. बंद करायची नाही." त्यांच्यापुढं रांग मोठी होती.

बिरूनं गोळ्या वीस दिवस घेतल्या आणि सोडल्या. सोडल्या हे कुणाला सांगितलं नाही. दर महिन्याला मात्र न चुकता जाऊन नवीन गोळ्या आणायचा. "घेता ना?" असं विचारलं की "व्हय." पिशवी खुंटीला टांगली जायची आणि फुगत जायची. त्याच्या बायकोच्या, बानाबाईच्या, एक दिवस ते लक्षात आलं. तिनं मुलाला सांगितलं. मुलगा आदिनाथ बिडकीनला कंपनीत आहे. तो माझ्याकडे आला.

"आबाला तुमचंच पटतं साहेब. तुमी सांगा."

मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो आणि रिकामा होतो. मला वाटलं, हे तर माझ्या हातचं काम. माळावर त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट मुक्काम, पडला होता तिथं गेलो. बानाबाईनं कोरा चहा दिला. मी मोठ्या ऐटीत सुरू केलं, "बिरू, मेंढीला दुखत नसतं तरी तू लस टोचतोस का नाही? मग स्वतःला एक मेंढी समज. कळपातली एक मेंढी, आणि तिचं औषध चुकवायचं नाही."

बिरूनं काठी बाजूला ठेवली.

"साहेब, मेंढीला वर्साला सुई देतो, दोन-तीन बारी जंताचं पाजतो. पन ज्या मेंढीला रोज औषध लागतं तिला आमी काय करतो, तुमाला ठाव हाय."

मला ठाऊक होतं.

"लासूर टेशनच्या बाजारात इकतो. चालतीया तवर इकतो. पडल्यावर कोन घेतंय?" तो म्हणाला. "मी आजून चालतोय."

मी हसलो. गडी हजरजबाबी आहे, असं म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारली आणि चहा संपवून घरी आलो. ते हसू मला अजून खुपतं. माणूस त्याच्या मनातलं सगळ्यात खोलचं बोलला होता, आणि मला तो विनोद वाटला. शिवाय त्याच्या हाती ती मेंढी मीच दिली होती.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. त्या वीस दिवसांत गोळीनं बिरूचे पाय सुजले होते. संध्याकाळी वहाण निघेना, सकाळी चढेना. दिवसाला चार-पाच कोस चालणाऱ्या माणसाचे पायच धरले, तर त्यानं काय करायचं? गोळी बदलून मिळाली असती. पण "घेता ना?" असं सगळ्यांनी विचारलं, "सोसते का?" असं कुणी विचारलं नाही. मी तरी कुठं विचारलं? मेंढी लंगडायला लागली असती तर आधी खूर उचलून पाहिला असता.

मागच्या हिवाळ्यात मेंढरं चारताना तो बांधावर कोसळला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. कळप वळायला कुणी उरलं नाही, म्हणून आदिनाथनं मेंढरं विकली. लासूरलाच.

आता गोळ्या बानाबाई देते. सुरुवातीला एकदा तिनं सकाळी दिली आणि आदिनाथनं कामावर जाताना पुन्हा दिली. बिरू दिवसभर डोळे उघडीना. तेव्हापासून तिनं कावेचा खडा काढून ठेवलाय. गोळी दिली की ती त्याच्या उजव्या हातावर बोट ओढते. पहिल्या दिवशी ते पाहून बिरू रडला, असं तिनं सांगितलं.

गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा गोळी द्यायची वेळ होती. बिरू अंगणात बाजेवर होता. बानाबाईनं गोळी धरून बोट ओठाशी नेलं, तर त्यानं तोंड मिटून घेतलं. मग दातांतून एक शब्द काढला. आजारानं त्याच्याजवळ तेवढाच ठेवलाय.

"ईक."

"आबा रोज मेंढरांचं इचारत्यात," आदिनाथ मला म्हणाला आणि डबा घेऊन कामावर निघून गेला.

तो फाटकाबाहेर जाईपर्यंत बानाबाई थांबली. "मेंढरांचं नाय साहेब," ती म्हणाली. "सोताचं म्हनत्यात."

बिरू माझ्याकडेच पाहत होता. मी खाली बघितलं.

"ईक," तो पुन्हा म्हणाला.

बानाबाई त्याच्या कानाशी वाकली. "नाय इकत तुमाला. चालत नसला तरी नाय इकत."

हे ती रोज सांगत असावी. कारण ते ऐकल्यावरच त्यानं तोंड उघडलं. गोळी घशाखाली उतरेपर्यंत तिनं त्याची हनुवटी धरून ठेवली, आणि मग त्याच्या लुळ्या हातावर कावेचं बोट ओढलं.