वहिनीची नीटनेटकी चूक

माझ्या वहिनीच्या नीटनेटकेपणाने घरातल्या सगळ्यांच्या नाकी नऊ आणले आहेत. चहाचा शेवटचा घोट घशाखाली उतरायच्या आत कप विसळून पालथा. दादा म्हणतो, "हिच्यासमोर फार वेळ बसू नका, घडी घालून कपाटात ठेवेल."

नोकरीत ती रेणूंची गणितं करते. दोन धातूंच्या मध्ये रेणूंचा पातळ थर असतो. विजेचा झटका दिला की त्यातून जास्त प्रवाह वाहू लागतो, आणि झटका थांबला तरी थराच्या तो लक्षात राहतो. साठवण आणि विचार एकाच जागी करणारी, मेंदूच्या वळणाची यंत्रं यातून घडवायची आहेत. थर मोजतात प्रयोगशाळेच्या तळमजल्यावरचे काका, एकतीस वर्षं तेच काम करणारे. वहिनी तोच थर संगणकावर आकड्यांत उभा करते.

पहिल्या झटक्यापर्यंत दोघांचं जुळायचं. पुढे काकांच्या आलेखात प्रवाह दर झटक्याला वाढायचा, वहिनीचा मात्र जिथल्या तिथे. दीड वर्ष वाद चालला. काकांचं एकच म्हणणं, "मॅडम, यंत्र मी रोज तपासतो." शेवटी वहिनीने अहवालात लिहून टाकलं : फरकाचं कारण, मापनातली चूक. येत्या शुक्रवारी काका निवृत्त होणार होते.

त्याआधीच्या रविवारी दादाचे मित्र जेवून फिरायला गेले, चहाला परत येणार होते. वहिनी लगेच खुर्च्या उचलून भिंतीशी लावू लागली.

"अगं, राहू दे ना! तासाभरात तीच मंडळी येणार. परत ओढत बसायच्या?" मी म्हणालो.

ती खुर्ची हातात धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "भाऊजी, गणितात मी त्या कणांनाही दर वेळी असंच भिंतीशी नेऊन लावते."

थरात रेणूंच्या आजूबाजूला विद्युतभार असलेले कण असतात. झटक्याने ते सरकतात आणि सावकाश परततात. पुढचा झटका लवकर आला तर ते अर्ध्या वाटेवरच सापडतात, म्हणून प्रवाह वाढत जातो. वहिनीने मात्र प्रत्येक झटक्याआधी सगळ्यांना मूळ जागी बसवणारी एक ओळ लिहून ठेवली होती. कुणी सांगितलं नव्हतं, पण पसारा बाईंना बघवत नाही! तिने ती ओळ काढली. संगणक तीन दिवस चालला आणि गुरुवारी दोन्ही आलेख एकमेकांवर बसले.

ती आनंदाने अक्षरशः नाचली. मग एकदम खाली बसली. "माझी चूक काकांच्या नावावर आहे, भाऊजी, आणि ते उद्या चाललेत."

शुक्रवारी मीच तिला सोडायला गेलो आणि निरोपसमारंभाला मागे उभा राहिलो. पुष्पगुच्छ बाजूला ठेवून वहिनीने कागद काढला. तो तिने सगळ्यांसमोर वाचला : "मोजमापं पहिल्यापासून बरोबर होती. चूक माझ्या गणितात होती. अहवाल दुरुस्त केला आहे."

काकांनी कागद मागून घेतला, चष्मा लावून पुन्हा वाचला आणि जपून खिशात ठेवला.

"हा घरी नेतो," ते म्हणाले. "बायकोने आधीचा अहवाल वाचला होता. तेव्हापासून तिने मला कामाबद्दल एक शब्द विचारला नाही."