एका आकड्याचा अंबाडा

त्या सात मजली इमारतीची लिफ्ट जुनी होती. तिला बटणं नव्हती, पितळी दांडा होता, आणि तो चालवायला एक बाई होत्या. त्यांना सगळे लिफ्टताई म्हणत. ज्याने तो दांडा बसवला त्याने तो दाराजवळ सोडून पार मागच्या कोपऱ्यात बसवला होता. का, ते देव जाणे. त्यामुळे ताईंचं स्टूलही त्याच कोपऱ्यात. माणसं आत यायची, मजला सांगायची आणि सवयीने दाराकडे तोंड करून उभी राहायची. दिवसभर ताईंच्या वाट्याला यायच्या त्या फक्त पाठी आणि डोक्यांच्या मागच्या बाजू.

दुसरी कोणी असती तर कंटाळली असती. ताईंना मात्र त्यात गंमत वाटायची. बायकांचे केस मागे बांधलेले कसे राहतात, हे एक कोडंच आहे असं त्यांना वाटे. तिसऱ्या मजल्यावरची हिशेबनीस कानांवरच्या दोन बटा मागे नेऊन एका चापात अडकवायची. सहाव्या मजल्यावरच्या जाड्या वकीलबाई भलामोठा क्लचर लावायच्या आणि तो बिचारा दिवसभर जबडा फाकवून तग धरायचा. टपाल आणणाऱ्या मुलीच्या डोक्यात टिकटिक वाजणाऱ्या चार रंगीत क्लिपा असायच्या, शाळेतल्या पोरीसारख्या. ताई बघायच्या, मनात धरून ठेवायच्या आणि घरी जाऊन करून पाहायच्या.

स्वतःवर नाही. ताईंचे केस पातळ, सरळ आणि तेल न लावताही निसरडे. त्यांची आई म्हणायची, "तुझ्या केसात पिन म्हणजे घसरगुंडीवरचं पोर. बसलं की निघालंच खाली." आयुष्यभर ताईंनी एक बारीक वेणी घातली होती आणि खाली रबर बांधलं होतं. प्रयोग व्हायचे ते वहिनीच्या डोक्यावर. लग्न न केलेल्या ताई भावाच्या घरी राहत, आणि वहिनीचे केस दाट, कुरळे, म्हणाल ते ऐकणारे.

"माझं डोकं आहे का प्रयोगशाळा?" वहिनी भाजी निवडता निवडता म्हणायची.

"हलू नका हो. आज चापाचं बघायचंय."

"तुमच्या भावाला सांगते हं, तुमची बहीण माझ्या केसांवर उठलीय."

पण वहिनी हलायची नाही. संध्याकाळी कोणीतरी डोक्यात बोटं फिरवतंय, हे काही वाईट नव्हतं.

अशातच पाचव्या मजल्यावर नकाशे काढणाऱ्या कचेरीत एक नवी बाई लागली. उंच, खांद्यावर नकाशांची लांब नळी, वय पस्तिशीच्या आसपास. ती आत आली, वळली, आणि ताईंचा हात दांड्यावरच थांबला.

तिचे केस अगदी ताईंसारखे होते. तसेच पातळ, तसेच निसरडे. पण मानेपाशी, जरा उजवीकडे, त्यांचा छोटासा घट्ट अंबाडा बसला होता, आणि त्यात दिसत होता एक आकडा. साधी काळी पिन, कुठल्याही दुकानात पुठ्ठ्यावर लावून मिळते तसली. रबर नाही, जाळी नाही, दुसरी पिन नाही. त्या आकड्याचंही नुसतं टोक दिसत होतं.

"संध्याकाळपर्यंत कसला टिकतोय," ताई मनात म्हणाल्या.

संध्याकाळी नकाशेबाई खाली उतरताना अंबाडा जिथल्या तिथे होता. दुसऱ्या दिवशीही तेच. मग ताईंच्या डोक्यात किडाच शिरला. त्यांनी मान वाकडी करून डावीकडून पाहिलं, नाणं पडल्याचं निमित्त करून खालून पाहिलं. वहिनीवर करून पाहिलं तर लगेच जमलं, पण त्याला काही अर्थ नव्हता. वहिनीच्या केसात पेन्सिल खोचली तरी ती राहिली असती. शेवटी आरशात पाठ करून, हातात दुसरा आरसा धरून ताईंनी स्वतःवर केलं. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचेपर्यंत आकडा कॉलरमधून पाठीत गेला.

विचारावं तर कसं विचारावं? ना ओळख ना पाळख. आणि मागे बसून मी तुमचं डोकं बघत असते, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

मग एका सकाळी जे व्हायचं ते झालं. लिफ्ट भरलेली होती. नकाशेबाई ताईंच्या अगदी पुढ्यात उभी होती, आणि पहिल्यांदाच तो आकडा इतक्या जवळून दिसत होता. ताई पुढे झुकल्या. त्यांना वाटलं, आकड्याच्या पोटात केसांची एक बट उलटी गेलेली दिसतेय. उलटी का? त्या आणखी झुकल्या.

"अहो ताई, तिसरा गेला!"

"चौथाही गेला! कुठे निघालो आपण?"

इतक्या वर्षांत ताईंचा मजला कधी चुकला नव्हता. आज लिफ्ट थेट सातव्यावर जाऊन ठेपली. लोक कुरकुरत उतरले आणि जिन्याने खाली निघाले. नकाशेबाई तेवढी आत राहिली.

"बरं नाही का तुम्हाला?" तिने वळून विचारलं.

ताईंचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी मनात म्हटलं, आता चुकलोच आहोत तर पुरतं चुकू. "बरं आहे हो. तुमचा अंबाडा बघत होते. तो एका आकड्यावर राहतो कसा?"

नकाशेबाई इतकी हसली की खांद्यावरची नळी खाली पडली. "मला विचारता? मी तो कधी नीट पाहिलेलासुद्धा नाही! माझ्या पाठीमागचं मला कुठे दिसतंय? आमची आत्या घालते."

पाचव्या मजल्यापर्यंत उतरताना ताईंनी लिफ्ट जितकी हळू नेता येईल तितकी नेली. नकाशेबाईला आईवडील नव्हते, आत्याने वाढवलं होतं. आत्या तरुणपणी टेलिफोन जोडून देण्याच्या कामाला होती. डोक्यावर दिवसभर त्या ऐकण्याच्या यंत्राची पट्टी. वर केस बांधले तर पट्टी बसायची नाही, जास्त आकडे लावले तर टोचायचे. म्हणून तिने स्वतःच ही एका आकड्याची तऱ्हा काढली होती.

"मग त्यांनाच विचारते की मी!"

नकाशेबाईचं हसू जरा ओसरलं. "विचारता येत नाही, ताई. तिला हल्ली फारसं आठवत नाही. माझं नाव कधी आठवतं, कधी नाही. पण सकाळी कंगवा हातात दिला की हात आपोआप चालतात. कसं करतेस म्हणून विचारलं, तर थांबतात. मग दिवसभर ती बेचैन असते. तुम्हाला बघायचं असेल तर सुट्टीच्या दिवशी या. फक्त विचारायचं नाही."

ताईंना काही न विचारता गप्प बसायला सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण करायला सांगणं. तरी त्या गेल्या.

घर दोन खोल्यांचं, नीटनेटकं. खिडकीपाशी खुर्ची, तिच्यात आत्या. लहानखुरी, गोरी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "कोण आलंय?" तिने विचारलं.

"आमच्या कचेरीच्या लिफ्टवरच्या ताई," नकाशेबाई म्हणाली आणि तिच्या पायाशी बसली.

आत्याने केस हातात घेतले. तिचे डोळे खिडकीबाहेर होते, बोटं आपली आपण चालली होती. पीळ, वळसा, दाब, मग आकडा. ताईंना वाटलं होतं, जवळून दिसलं की कळेल. पण शेवटी बोटं कसलीशी कोलांटी घेऊ लागली, ती डोळ्याला सापडेना. त्यांनी ओठ दाबून धरले. जीभ दातांखाली धरली. आणि तरीही तोंडातून निसटलंच, "आता तो उलटा का घालताय?"

आत्याचे हात हवेत थांबले. तिने हातातल्या आकड्याकडे पाहिलं, भाचीच्या केसांकडे पाहिलं. "मी काय करत होते?" ती हळूच म्हणाली. अंबाडा सुटून पाठीवर पडला.

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी परतल्यावर त्यांनी वहिनीला सगळं सांगितलं. वहिनी नेहमीसारखी थट्टा करेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही माझ्या डोक्यावर खटपट करताय ना, मला न बघता कळतं तुम्ही कुठली पिन कुठे घालताय ते. डोक्याला कळतं की!"

ताईंचा हात नकळत आपल्या बारीक वेणीवर गेला.

पुढच्या सुट्टीला त्या पुन्हा गेल्या. या वेळी खुर्चीपुढे त्या स्वतः बसल्या, पाठमोऱ्या, वेणी सोडून. नकाशेबाईने आत्याच्या हातात कंगवा दिला. क्षणभर काही झालं नाही. मग आत्याने त्यांच्या केसातून बोटं फिरवली आणि तक्रारीच्या सुरात म्हणाली, "किती गं वाळलीस तू, केस बघ कसे झालेत." कोणाला म्हणाली, कोण जाणे. ताईंनी विचारलं नाही.

त्यांनी डोळे मिटून घेतले. केसांना उजवीकडे पीळ पडत गेला, अगदी कानामागची कातडी ताणली जाईपर्यंत. मग अंबाडा मानेला टेकला. आणि मग आकडा आला. तो आत जाईल असं वाटत असताना बाहेरच्या दिशेने गेला, त्याने अंबाड्याच्या कडेचे चार केस उचलले, मग तो तिथल्या तिथे उलटला आणि डोक्याच्या कातडीला घासत पिळाच्या पोटात शिरला. केस सुटायला बघत होते, पण सुटताना ते आकड्यालाच आत ओढत होते. म्हणजे जितकी ओढ तितकी घट्ट पकड!

"अगंबाई," ताई म्हणाल्या. एवढंच. मान डावीकडे हलवली, उजवीकडे हलवली. उठून दारापर्यंत गेल्या, परत आल्या. पाठीत काही पडलं नाही.

घरी गेल्यावर त्यांनी भावाला दारातच पाठ दाखवली. "काय दिसतंय?"

"केस," भाऊ म्हणाला.

"तुमच्या भावाला विचारताय?" वहिनी आतून म्हणाली. "लग्नात माझ्या डोक्यावर काय होतं, तेही सांगता यायचं नाही त्यांना."

त्यानंतर ताई दर सुट्टीला तिकडे जाऊ लागल्या. शिकायचं तर झालं होतं, पण आत्याच्या खोलीत त्यांना बरं वाटायचं. मध्यंतरी इमारतीत नवी लिफ्ट आली, बटणांची. ताईंना तळमजल्यावर चौकशीच्या टेबलाशी बसवलं. तिथे माणसं समोरून येत, आणि पहिले काही आठवडे ताईंना कोणीच ओळखू येईना.

एका सकाळी ताई कामावर जाता जाता तिकडे डोकावल्या, तेव्हा आत्याने कंगवा हातात घेतला आणि तो तसाच धरून बसली. कोणी काही विचारलं नव्हतं, तरी हात चालले नाहीत. नकाशेबाई पाठमोरी वाट बघत राहिली. आता आत्याचे हातही विसरले, हे तिला कळलंय, ते ताईंना तिच्या खांद्यांवरून कळलं.

ताई उठल्या. आत्याच्या हातातून कंगवा घेतला आणि खुर्चीशेजारी उभं राहून हळूहळू पीळ द्यायला लागल्या. पहिला अंबाडा जरा तिरका आला. आत्या चष्म्यातून बघत होती, लहान मुलाने खेळणं बघावं तशी.

"हे कसं केलंस गं?"

"दाखवते ना," ताई म्हणाल्या. पुन्हा सोडला, पुन्हा घातला. आत्याची बोटं आपल्या बोटांत घेऊन घातला. आत्याने प्रश्नांची फैरच झाडली. उजवीकडेच का? ओलसर केसांना चालेल का? इतक्या वर्षांत जे कोणी तिला विचारू शकलं नव्हतं, ते सगळं आता तीच विचारत होती, आणि ताई जमेल तसं सांगत होत्या. उरलेलं नकाशेबाई सांगत होती, कारण ऐकता ऐकता तिलाही प्रथमच कळत होतं की रोज आपल्या मानेवर काय चालतं.

मग आत्याने आकडा उजेडात धरला. "ह्याची एक बाजू सरळ आहे, आणि एक नागमोडी. असं का?"

ताई आकड्यावर वाकल्या. हजारदा हातात धरलेली वस्तू. हे कधी मनातच आलं नव्हतं. "खरंच की. असं का बरं असेल?"

"नागमोडी बाजू डोक्याकडे घालायची की वर?"

"बघू या?"

"अहो, मला कचेरीला उशीर होतोय," नकाशेबाई म्हणाली.

"गप्प बस जरा," आत्या म्हणाली आणि तिने स्वतःच्या हाताने भाचीचा अंबाडा पुन्हा सोडला.