ज्याला शंका, त्याच्या हाती खडू

१. नावड्याच्या शाळेच्या आवारातून पावसाळी गटार काढायचे होते. मोजणीचे काम माझ्याकडे होते.
२. आखणीच्या रेषेत पुरुषभर उंचीचा एक लोखंडी पाइप उभा होता. भोवती जमिनीवर खडूच्या खुणा होत्या.
३. पाइप काढून टाकावा, असे मी शिपायांना सांगितले.
४. शिपाई म्हणाले, "तो मुकादम सरांचा हाय. सरांना इचारल्याबिगर मी हात लावनार नाय."
५. सर आले. त्यांनी नमस्कार केला आणि विचारले, "इंजिनिअरबाई, पाइप काढा, पण एक वाजेपर्यंत थांबाल?"
६. मी पदविकाधारक आहे, इंजिनिअर नाही, हे सांगितले आणि थांबले.
७. पाइप निघाला नाही. गटार त्या जागी दोन फूट वळून जाते.

इस्माईल मुकादम सरांशी माझी ओळख अशी झाली. सर यंदा साठ वर्षांचे होत आहेत. गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला त्यांच्या अध्यापनकार्यावर लिहायला सांगितले. सरांच्या कार्यातला जो भाग मी स्वतः पाहिला, तेवढ्यावरच मी लिहू शकते. तो भाग म्हणजे शनिवारी साडेअकराला शाळा सुटल्यावर भरणारा तास. मुले त्याला 'उन्हाचा तास' म्हणत. हा तास सध्या बंद आहे आणि तो पुन्हा भरेल की नाही, हे ठरलेले नाही. पूर्वी एकदा तो बंद ठेवायचे ठरले होते, तरी तो चालू राहिला. ते कसे घडले, हे सरांच्या विद्यार्थ्यांपैकीही थोड्यांनाच ठाऊक आहे.

सर मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे. घरात बागायत आणि थोडा व्यापार. ते मात्र भूगोल आणि विज्ञान शिकवायला तळोज्याच्या बाजूला आले आणि इथलेच झाले. त्यांच्या वर्गात तळवली-नावड्याची मूळ गावकऱ्यांची मुले होती, कारखान्यांत काम करणाऱ्यांची होती, वाशीच्या घाऊक बाजारात पोती वाहणाऱ्या सातारकडच्या माणसांचीही होती. शाळेत पृथ्वीचा गोल एकच होता आणि तो मुख्याध्यापकांच्या खोलीत कपाटावर असे. सरांनी त्याची मागणी कधी केली नाही. ते म्हणत, "गोल दाखवला की मुलं गोलाकडे बघतात, बाहेर बघत नाहीत."

गटाराचे काम लांबले, त्यामुळे मला सरांचे बरेच तास पाहायला मिळाले. पहिल्यांदा मी केवळ कुतूहलाने उभी राहिले. सरांनी परात उन्हात ठेवली आणि म्हणाले, "हा सूर्य." मग एका मुलीच्या तळहातावर काळी मिरी ठेवली. "ही आपण. आता सूर्यापासून किती लांब उभी राहशील?" मुलगी चार पावले गेली. सर म्हणाले, "भाजशील." ती आणखी दहा पावले गेली. "अजून भाजशील." शेवटी ती फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत पोचली, तेव्हा सर म्हणाले, "आता बरोबर." मिरीपासून बोटभर अंतरावर मोहरीचा दाणा ठेवला, तो चंद्र. मी टेप काढून अंतर मोजले. प्रमाण जवळजवळ बरोबर होते. चंद्र तेवढा जवळ पडला होता. मी ते सांगितल्यावर सरांनी तिथल्या तिथे मोहरी वीतभर अंतरावर सरकवली आणि मुलांना म्हणाले, "चूक माझी. बाईंनी पकडली. टाळ्या."

दुसऱ्या एका शनिवारी स्टोव्ह, तवा आणि तांदळाचे पीठ आले. विषय होता सह्याद्रीचा खडक. एकावर एक घावने घालत सर सांगत होते की आपल्याकडचा डोंगर टोकातून धूर सोडणारा नव्हता. जमिनीला भेगा पडल्या, त्यातून पातळ लाव्हा आला आणि पसरला. तो थिजला, मग त्यावर पुढचा आला. "आपला डोंगर फुगला नाही, साचला," हे त्यांचे वाक्य. मग त्यांनी घावनांची चळत सुरीने उभी कापली आणि थर मोजायला लावले. पारसिकच्या टेकडीत रस्त्यासाठी कापलेल्या कड्यावर असेच आडवे पट्टे दिसतात, ते पाहून या, असा गृहपाठ दिला. चळत मुलांनी खाल्ली, त्यामुळे पुरावा उरला नाही.

त्यांची शिकवण्याची रीत एका नियमावर चालत असे. ज्याला शंका, त्याच्या हाती खडू. एखाद्या मुलाने "असं नसेल, सर" म्हटले की सर वाद घालत नसत. ते खडू पुढे करत आणि स्वतः दोन पावले मागे सरत. मला सुरुवातीला हा शिकवण्यातला कंटाळा वाटला होता. तो काय होता, हे मला पुढे एप्रिलमध्ये कळले.

रामनवमी जवळ आली होती. त्या शनिवारी मुलांनी पाइपची सावली मोजायला घेतली. पुस्तकात 'दुपारी बारा वाजता सूर्य माथ्यावर येतो आणि सावली सर्वांत आखूड होते' असे होते. बारा वाजले, मुलांनी खूण केली. सावली मात्र आखूड होतच राहिली. ती पुन्हा लांबू लागली तेव्हा पाऊण वाजायला आला होता. सविता जाधव नावाच्या मुलीने विचारले, "सर, मग रामजन्म बाराला कसा?" मुले हसली. सरांनी विचारले, "तुमच्याकडे काय सांगतात, रामजन्म केव्हा झाला?" ती म्हणाली, "सूर्य माथ्यावर आला तेव्हा." सर म्हणाले, "मग तू आत्ता काय मोजलंस, ते तूच सांग."

सविताने घरी सांगताना ते एका वाक्यात आणले. रामजन्म बाराला नसतो, मुकादम सरांच्या तासाला कळलं.

ते दिवस असे होते की माणसाचे नाव ऐकले की त्याचा हेतू ठरवायला लोकांना वेळ लागत नव्हता. सोमवारी सविताचे वडील तानाजी जाधव शाळेत आले. ते बाजारात माथाडी होते आणि वसाहतीच्या भजनी मंडळात टाळ धरत. मी मुख्याध्यापकांच्या खोलीत गटाराच्या नकाशावर सही घ्यायला बसले होते.

"सर, माजी पोरगी घरात सांगतीया, रामजन्म बाराला व्हत न्हाय. हे तुमी शिकवलं?"

"मी शिकवलं नाही. तिनं मोजलं."

"मोजलं? देव म्हंजी काय काट्यावर चढवायचं पोतं हाय व्हय?"

मुख्याध्यापक मध्ये पडले. "जाधव, बसा. मुकादम, उगाच टेन्शन नको. तो तास थोडे दिवस बंद ठेवा. नाहीतर गोष्ट शाळा चालवणाऱ्या सोसायटीपर्यंत जाईल, मग माझ्या हातात राहणार नाही."

सर एवढेच म्हणाले, "तास बंद ठेवतो. पण जाधवांना शंका आहे. त्यांनी एकदा स्वतः मोजावं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, पाइप सरळ उभा आहे की नाही, ते तुम्ही बघा. मी त्याच्या जवळ येणार नाही."

ते जवळ का येणार नाहीत, हे खोलीतल्या प्रत्येकाला समजले.

मंगळवारी मी ओळंब्याची दोरी सोडून पाइप तपासला, तो सरळ उभा होता. जाधव मंडळातल्या दोघांना घेऊन आले होते. मी खडू त्यांच्या हातात दिला. सर दूर व्हरांड्यात उभे राहिले. जाधवांनी मनगटावरचे घड्याळ दोघांना दाखवले, रेडिओच्या वेळेला लावल्याचे सांगितले आणि बाराच्या ठोक्याला सावलीच्या टोकाशी जोरात रेघ ओढली.

"झालं. बारा. आता?"

"थांबा ना बाबा," सविता म्हणाली.

थोड्या वेळाने सावली रेघेच्या आत गेली. जाधवांनी दुसरी रेघ ओढली. सावली त्याही आत गेली. सोबतच्यांपैकी एक म्हणाला, "तानाजी, सावली अजून घरला जेवाय निघालीया. तू बी चल."

"गप रं." जाधव उकिडवे बसले. टोपी काढून त्यांनी घाम पुसला, पण नजर जमिनीवरून हलवली नाही. रेघांमधले अंतर कमी होत गेले. मग दोन रेघा जवळजवळ एकावर एक पडल्या आणि त्यानंतरची बाहेर पडली. खात्री करायला त्यांनी आणखी दोन ओढल्या. त्याही बाहेरच.

"पाऊण वाजाय आला," ते घड्याळ बघत म्हणाले. "म्हंजी माझं घड्याळ खोटं?"

तेव्हा सर पहिल्यांदा बोलले, तेही व्हरांड्यातूनच. "घड्याळ खरं आहे, जाधव. पण ते इथलं नाही. सगळ्या देशाला एकच वेळ हवी म्हणून अलाहाबादच्या बाजूची धरलीय. तिकडं सूर्य आपल्या आधी माथ्यावर येतो."

जाधवांनी पुन्हा घड्याळाकडे पाहिले. "म्हंजी आमी इतकी वर्सं अलाहाबादच्या बाराला पाळना हलवतोय?"

"हो."

"तरी म्या म्हनतो, बुवा कीर्तन गुंडाळायची एवढी घाई का करत्यात!" सोबतचे दोघे मोठ्याने हसले. जाधव हसले नाहीत. ते व्हरांड्याकडे चालत गेले. "आन् तुमची दुपारची नमाज वो सर? ती बी अलाहाबादची?"

"ती सूर्य माथ्यावरून कलल्यावर असते. घरी वडील वेळेचा तक्ता बघायचे, त्यात बारा कधी नसायचे. तिथंच मला लहानपणी शंका आली होती."

"मग कालच सांगायचं की हे."

"मी सांगितलं असतं, तर तुम्ही मानलं असतं?"

जाधवांनी उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. "न्हाय."

"म्हणून," सर म्हणाले.

जाधव तसेच मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "तास चालू ठिवा. मी बी येनार हाय, बाजाराला सुट्टी असंल तवा." तास पुढच्याच शनिवारी भरला. त्या वर्षीच्या रामनवमीबद्दलची माहिती सविताकडून ऐकलेली आहे, मी पाहिलेली नाही. पाळणा नेहमीप्रमाणे बारालाच हलला, पण तिच्या वडिलांनी बुवांना खूण करून अभंग वाढवायला लावले आणि पाळण्याची दोरी पाऊणपर्यंत सोडली नाही. भुकेल्या लोकांनी कुरकूर केली म्हणे.

सरांच्या स्वभावाबद्दल एकच गोष्ट सांगते. मोजणीच्या कामावर त्या काळी बाई बहुधा एकटीच असे आणि दिवसभर उघड्यावर उभे राहावे लागे. त्यात तिचे काय अडते, हे कोणाला सुचत नाही, आणि सांगायचे तर कोणाला सांगायचे, हाही प्रश्न असतो. शाळेतले काम सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा माझी टेप ठेवायच्या खिळ्याला एक किल्ली अडकवलेली होती. शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाची. सरांनी एका शिक्षिकेला सांगून ती तिथे ठेववली होती. त्यांनी स्वतः तो विषय माझ्याकडे कधी काढला नाही. मीही काढला नाही. आज लिहून आभार मानते.

नियत वयाला निवृत्त झाल्यावरही सर दर शनिवारी येत राहिले, मानधन न घेता. दिवाळीनंतर त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी त्यांना भर उन्हात उभे राहायला मनाई केली. तेव्हापासून तास भरलेला नाही. जूनपासून त्या वेळेत शिष्यवृत्ती परीक्षेची शिकवणी घ्यावी, असे शाळेच्या मनात आहे. आत्ताच्या मुख्याध्यापिकांना मी भेटले. त्या म्हणाल्या, "तास मला हवाय. पण मुलं उन्हात आणि जबाबदार मोठं माणूस कोणी नाही, हे मी चालवून घेणार नाही. दर शनिवारी येणारी माणसं दाखवा, वेळापत्रकात लिहिते." त्यांचे म्हणणे योग्य आहे.

सत्काराचे सांगायला मी सरांच्या घरी गेले होते. काळा चष्मा लावून ते पडद्याआड बसले होते. मी शालीचा विषय काढला. ते म्हणाले, "शाल कुणाला हवीय, बाई? मला एवढंच सांगा, मैदानात कोण आहे?"

सरांच्या डोळ्यांना आराम पडो, गुडघे साथ देवोत आणि व्हरांड्यातून का होईना, मुलांचा कलकलाट ऐकत त्यांना पुष्कळ वर्षे लाभोत, ही या ग्रंथातल्या सर्वांची इच्छा आहे. कलकलाट व्हायला मात्र तास भरायला हवा. सर्व साहित्य शाळेत आहे आणि काय करायचे, हे सर बसून सांगणार आहेत. विज्ञानाची पदवी लागत नाही. जाधव महिन्यातला दुसरा शनिवार सांभाळणार आहेत, पहिला मी घेतला आहे. बाकीच्या शनिवारांपैकी ज्यांना एक देता येईल, त्यांनी आपले नाव आणि शनिवार कोणता, एवढेच पोस्टकार्डावर लिहून शाळेच्या पत्त्यावर पंधरा मेपर्यंत कळवावे.